जॉगिंग करायचंय, पण घालायचं काय? मुलींना आणि काकूंनाही कुणी न सांगितलेल्या गोष्टी

पोलीस भरतीची जाहिरात आली की मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या ठिकाणची मैदानं पहाटे पाचलाच भरायला लागतात. धाराशिवही त्याला अपवाद नाही. गावाकडून येऊन शहरात खोली करून राहणाऱ्या मुली, नोकरीआधी चालायला येणाऱ्या शिक्षिका, डॉक्टरांनी ‘शुगर वाढलीय, चाला’ असं सांगितलेल्या काकू, अशा सगळ्या एकाच ट्रॅकवर असतात. धावायचं कसं हे शिकवायला अॅकॅडमी असते, यूट्यूब असतं. पण धावताना आतून काय घालायचं, हे मात्र कुणीच बोलत नाही. सर बोलत नाहीत, आई बोलत नाही, आणि दुकानदार तर ‘साइज?’ एवढंच विचारतो.

हा प्रश्न थेट मार्कांशी जोडलेला आहे. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलींसाठी त्यात 800 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 गुण. लेखी परीक्षेपर्यंत जायचं तर यात किमान निम्मे गुण हवेतच. अशा वेळी एखादी मुलगी हात मोकळे हलवण्याऐवजी छातीपाशी आवळून धावत असेल, किंवा दर शंभर मीटरला ओढणी नीट करत असेल, तर तिचे सेकंद तिथेच जातात.

आधी शरीर समजून घेऊ

स्तनाच्या आत स्नायू नसतात. चरबी, दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे पातळ तंतू, एवढंच असतं. या तंतूंना ‘कूपर्स लिगामेंट’ म्हणतात. ते आणि वरची त्वचा, एवढाच नैसर्गिक आधार. स्नायू असतात ते स्तनाच्या मागे, छातीच्या भिंतीवर. म्हणून पुश-अप्स मारून स्तन ‘टाइट’ होत नाहीत. मागचा स्नायू मजबूत होतो, आणि तेही चांगलंच आहे.

धावताना स्तन फक्त वर-खाली हलत नाहीत. डावी-उजवीकडे आणि पुढे-मागेही हलतात. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात यावर अनेक वर्षं संशोधन सुरू आहे. तिथल्या अभ्यासकांनी ही हालचाल साधारण इंग्रजी आठच्या आकड्यासारखी असल्याचं दाखवलं. 2012 च्या लंडन मॅरेथॉनमधल्या सुमारे 1,300 महिला धावपटूंना विचारलं, तेव्हा जवळपास एक तृतीयांश जणींनी स्तनात दुखत असल्याचं सांगितलं. आणि या सगळ्या मॅरेथॉन धावणाऱ्या बायका होत्या, नवशिक्या नव्हेत! ब्रिटनमधल्याच शाळकरी मुलींच्या एका पाहणीत जवळपास निम्म्या मुली म्हणाल्या की स्तनांमुळे त्यांच्या खेळण्यावर परिणाम होतो. कारणं आपल्याकडचीच वाटतील: लाज, दुखणं, लोक बघतात.

एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. धावताना छातीच्या मधोमध दाबल्यासारखं वाटलं, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, दम लागला, घाम फुटला, तर तो ब्राचा प्रश्न नाही. थांबा आणि दवाखाना गाठा.

सपोर्टरवरून सुचलेली ब्रा

पैलवानाचा लंगोट किती जुना, याचा हिशोब नाही. पुरुषांच्या शरीराला खेळताना आधार लागतो, हे आखाड्याला कधीच कळलं होतं. बायकांच्या बाबतीत मात्र 1977 साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये लिसा लिंडाल नावाची तरुणी जॉगिंग करायची आणि साध्या ब्रामुळे वैतागायची. पुरुष खेळाडू सपोर्टर घालतात, तसं बायकांसाठी का नाही, अशी चर्चा घरात निघाली आणि नवऱ्याने गंमत म्हणून स्वतःचा सपोर्टर छातीवर चढवून दाखवला. लिसा, तिची मैत्रीण पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी ती गंमत मनावर घेतली. दोन सपोर्टर जोडून पहिला नमुना शिवला. त्याचं नाव आधी ‘जॉकब्रा’ होतं, मग ‘जॉगब्रा’ झालं. आजची स्पोर्ट्स ब्रा ती हीच.

800 मीटरचीही एक गोष्ट आहे. 1928 च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा हे अंतर धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या, तर वर्तमानपत्रांनी ‘बायकांना हे झेपत नाही’ असा गहजब केला. त्यानंतर 1960 पर्यंत ऑलिंपिकमध्ये महिलांची 800 मीटर शर्यतच झाली नाही. आज तेच अंतर आपल्याकडे शिपाई होण्यासाठी पार करावं लागतं.

मग कोणती घ्यायची?

स्पोर्ट्स ब्रा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिली डोक्यातून घालायची, बनियनसारखी, जी स्तनांना छातीवर दाबून धरते. लहान आकार असेल किंवा फक्त चालायचं असेल तर ही पुरते. दुसरीत दोन वेगळे कप असतात, मागे हुक असतात, पट्टे कमी-जास्त करता येतात. आकार मोठा असेल आणि धावायचं असेल तर ही बघा. काही ब्रांमध्ये दोन्ही गुण असतात. पाकिटावर ‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय इम्पॅक्ट’ असं लिहिलेलं असतं. योगासनांना लो, भरभर चालायला मीडियम, आणि धावणं किंवा दोरीवरच्या उड्यांना हाय. अनेकदा योगाची ब्रा धावण्यासाठी घेतली जाते आणि मग ‘स्पोर्ट्स ब्राचा काही उपयोग नाही’ असं मत होतं.

साइज घरीच मोजा. शिवणकामाची टेप घ्या. श्वास सोडून स्तनांच्या बरोबर खाली, छातीभोवती घट्ट माप घ्या. समजा 32 इंच आलं. मग सगळ्यात भरलेल्या भागावरून सैल माप घ्या. समजा 35 आलं. फरक 3 इंच, म्हणजे कप ‘सी’ आणि साइज 32 सी. एक इंच फरक असेल तर ए, दोनला बी, चारला डी. कंपनीनुसार थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून पाकिटावरचा तक्ता पाहायचाच. स्पोर्ट्स ब्रा फक्त एस, एम, एल मध्ये मिळत असेल तरी ही दोन मापं माहीत असलेली बरी. ‘तुम्हाला 34 होईल’ असं नुसतं बघून सांगणाऱ्या काउंटरवर ती कामाला येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वजन खांद्यावरच्या पट्ट्यांनी पेलायचं नसतं, ते खालच्या रुंद पट्ट्याने पेलायचं असतं. म्हणून ब्रा घातल्यावर आधी तो पट्टा तपासा. तो मागेपुढे एका रेषेत हवा, पाठीवर वर सरकायला नको. खाली दोन बोटं जातील एवढाच सैल हवा. हात वर करा, पट्टा वर आला तर मोठी झाली. खांद्यावर खळगे पडत असतील तर पट्टा सैल आहे आणि सगळा भार खांद्यांवर आलाय. बाजूने किंवा वरून मांस बाहेर येत असेल तर कप लहान आहे. मग जागेवर पंधरा-वीस उड्या मारा आणि खोल श्वास घ्या. हलायला कमी हवं, पण श्वास अडायला नको.

दुकानात ट्रायल नसते, ही खरी अडचण. ऑनलाइन मागवताना आतले कपडे परत घेतात का, हे ऑर्डरच्या आधी वाचा. अनेक ठिकाणी घेत नाहीत. एकदम तीन घेण्याऐवजी आधी एक घ्या, आठवडाभर धावा, बसली तर दुसरी घ्या. दोन असल्या की आलटून पालटून वापरता येतात.

पैसे नसतील तर? काहीशे रुपयांतही ब्रा मिळते, पण महिन्याचं मेसचं बिल भरताना तेवढेही जड असतात, हे मान्य. अशा वेळी नीट मापाची, रुंद पट्ट्याची साधी ब्रा आणि वरून अंगाला बसणारी बनियन, हा कामचलाऊ उपाय आहे. ओढणीने किंवा क्रेप बँडेजने छाती करकचून बांधणं मात्र नको. बरगड्या फुलत नाहीत, श्वास अपुरा पडतो, आणि 800 मीटरला श्वासच तर लागतो.

बाकीचे कपडे

स्पोर्ट्स ब्रावर काय घालायचं ते घरच्या परिस्थितीवर ठरतं, आणि त्यात कमीपणा नाही. मांडीपर्यंत येणारा, बाजूला कट असलेला सैल टी-शर्ट आणि ट्रॅक पँट यात उत्तम धावता येतं. लांब कुर्ता गुडघ्यात अडकतो, म्हणून तो टाळा. ओढणी घ्यायचीच असेल तर चालताना घ्या, धावताना नको.

‘सुती ते चांगलं’ हे इथे अर्धंच खरं आहे. सुती कापड घाम पितं आणि ओलं, जड होऊन अंगाला घासतं. पाऊण तास चालायला चालेल, रोज पाच किलोमीटर धावायला घाम लवकर सुकवणारं जाळीदार पॉलिस्टर बरं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा फरक लगेच कळतो. मांड्या किंवा ब्राच्या पट्ट्याखालची त्वचा सोलवटत असेल तर धावण्याआधी तिथे व्हॅसलिन लावा.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो. पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा. शाळेचे पातळ कॅनव्हास बूट डांबरी रस्त्यावर रोज धावायला नकोत.

साडीतल्या काकूंनी काय करावं? बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्याही. नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या होत्या. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. पण ते नाइलाजातलं धावणं होतं, त्याचा आदर्श करू नये. साडी नेसूनच बाहेर पडायचं असेल तर ती घोट्याच्या वर नेसा, आत चांगली ब्रा आणि पायात बूट घाला आणि भरभर चाला.

धावायलाच हवं का?

नाही. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्या बायका चाळीसेक किलोमीटर चालतात. चालणं हा मुळीच दुय्यम व्यायाम नाही. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चाललात तर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली 150 मिनिटं पूर्ण होतात. स्तन जड असतील तर सायकलला हिसके कमी बसतात. घराबाहेर पडणं शक्य नसेल तर सूर्यनमस्कार, भिंतीला टेकून पुश-अप्स, खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा. मंगळागौरीची फुगडी तर चांगलीच दमवते. फक्त ती वर्षातून एकदा खेळून भागत नाही.

आणि खो-खो! धाराशिवची सारिका काळे भारतीय संघाची कर्णधार झाली. तिच्या नेतृत्वाखाली 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळालं आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. या जिल्ह्यात मुलींनी मैदानावर असणं ही नवी गोष्ट नाही. मात्र खो-खोत वेगाने वळायचं आणि सूर मारायचा असतो, त्यामुळे तिथेही हाय इम्पॅक्ट ब्राच लागते.

बाळंतपणानंतर किमान तीन महिने धावू नका, आधी चाला. खोकताना, उडी मारताना लघवी थेंबभर सुटत असेल तर लाजून व्यायाम बंद करू नका. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्याचं ते लक्षण असतं, आणि बऱ्याच जणींना त्याचे व्यायाम करून फरक पडतो. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. अंगावर पाजत असाल तर आधी बाळाला पाजा, मग निघा. गर्भपिशवी काढलेल्या आपल्या भागात अनेक जणी आहेत, त्यातल्या कित्येक ऊसतोडीला जाणाऱ्या. त्यांनी डॉक्टरांना विचारून चालण्यापासून सुरुवात करावी. पाळीत धावायला हरकत नसते. त्रास होत असेल तर त्या दिवशी चाला. आणि धावल्याने गर्भपिशवी खाली येते, मूल होत नाही, असं कुणी सांगितलं तर त्याला आधार नाही.

पहाटे अंधारात जाताना फिकट किंवा चमकणाऱ्या पट्टीचे कपडे घाला, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने धावा, शक्यतो दोघी-तिघी मिळून जा. मदतीचा नंबर 112.

धुणं आणि वाळवणं

घामाची ब्रा बादलीत साठवू नका, घरी आल्यावर लगेच साध्या पाण्यात धुवा. गरम पाणी आणि कम्फर्टसारखं लिक्विड नको, त्याने इलास्टिक आणि घाम सुकवण्याचा गुण दोन्ही जातं. पिळू नका, दाबून पाणी काढा. पट्टा ताणल्यावर परत जागेवर येत नसेल तर ती धावण्यासाठी संपली. घरात वापरा, मैदानावर नको.

वाळत घालताना मात्र आपल्याकडे एक जुनी खोड आहे: आतले कपडे टॉवेलखाली किंवा ओढणीखाली लपवायचे. मग ते दमटच राहतात आणि तसेच पहाटे अंगावर चढतात. स्तनांखाली आणि जांघेत खाज येणं, लाल चट्टे उठणं, यामागे अनेकदा हाच ओलावा आणि त्यातून होणारी बुरशी असते. वारा लागेल अशा जागी, सावलीत, वर काही न टाकता दोरीवर घाला. उन्हाळ्यातल्या धाराशिवच्या कोरड्या हवेत ती लवकर सुकते. पावसाळ्यात पंख्याखाली रात्रभर ठेवा, आणि चट्टा आठवड्यात गेला नाही तर मेडिकलमधून कुठलंही मलम आणण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. स्टेरॉइड असलेली मलमं खाज तात्पुरती थांबवतात आणि बुरशी वाढवतात.