प्रेस्टन नॉर्थ एंड : क्लब आणि त्याची माणसे

प्रेस्टन नॉर्थ एंड : इंग्लंडच्या लँकाशर परगण्यातील प्रेस्टन शहराचा फुटबॉल क्लब. १८६३ साली क्रिकेटसाठी निघालेला हा क्लब १८७५ मध्ये डीपडेलच्या मैदानावर आला आणि १८८० मध्ये पुरता फुटबॉलचा झाला. मैदान आजही तेच आहे. इंग्लिश लीगचा पहिला विजेता म्हणून त्याचे नाव प्रत्येक संदर्भग्रंथात सापडते. खेळाडूला खेळण्याचे पैसे द्यावेत का, किती द्यावेत आणि त्याच्यावर हुकमत कोणाची, हे प्रश्न इंग्लंडमध्ये ज्यांच्या आयुष्यातून सुटत किंवा चिघळत गेले, त्यांतली बरीच माणसे या एका गावातली आहेत. त्यामुळे येथे सामन्यांपेक्षा माणसांना अधिक जागा दिली आहे.

प्रेस्टन हे सूतगिरण्यांचे गाव. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) कापूस येणे थांबले तेव्हा येथील चाती बंद पडली, हजारो कामगार मदतीच्या रांगेत उभे राहिले.  गिरण्या पुन्हा सुरू झाल्यावर शनिवारची दुपार मोकळी मिळू लागलेल्या कामगारांनी मैदाने भरली.

क्लबला आकार दिला तो विल्यम सडेल (१८५०–१९११) यांनी. ते गिरणीचे व्यवस्थापक होते आणि क्लबही त्याच पद्धतीने चालवत. स्कॉटलंडमध्ये लहान लहान पास देत खेळण्याची कला पुढे गेलेली होती. सडेल यांनी तिकडचे कसबी खेळाडू गावात आणले, त्यांना गिरणीत आणि इतरत्र कामे लावून दिली. तेव्हाच्या नियमांत खेळासाठी मोबदला निषिद्ध होता. जानेवारी १८८४ मध्ये फुटबॉल असोसिएशनच्या चषक स्पर्धेतील (एफए कप) सामन्यानंतर लंडनच्या अप्टन पार्क या हौशी संघाने तक्रार केली. बाकीचे क्लब अशा वेळी कानांवर हात ठेवत. सडेल यांनी मात्र आपण खेळाडूंना कामे मिळवून देतो हे उघड कबूल केले, आणि प्रेस्टनला स्पर्धेबाहेर काढण्यात आले. त्याच वर्षी उत्तरेतील क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची धमकी दिली. अखेर जुलै १८८५ मध्ये फुटबॉल असोसिएशनने व्यावसायिक खेळ मान्य केला. इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासात हा निर्णय कोणत्याही चषकाहून मोठा आहे, आणि तो ओढून आणण्यात सडेल यांचा वाटा फार मोठा आहे.

त्यांच्या संघाने पुढे जे केले ते अचाट होते. १८८७ मध्ये कपच्या सामन्यात हाइड संघावर २६–० असा विजय मिळवला. स्पर्धेतला तो विक्रम अजून टिकून आहे. १८८८ मध्ये बारा क्लबांची लीग सुरू झाली. पहिल्याच हंगामात प्रेस्टनने २२ पैकी १८ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. त्याच हंगामात एफए कप एकही गोल न स्वीकारता जिंकला. अंतिम सामन्यात वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सवर ३–० अशी मात केली. ‘अजिंक्य’ हे बिरुद तेव्हापासूनचे. जॉन गुडॉल, जिमी रॉस, डेव्हिड रसेल, जॉर्डी ड्रमंड ही त्यांतली मोठी नावे. निक रॉस हा जिमीचा थोरला भाऊ संघाचा कणा होता, पण नेमका त्या हंगामात तो एव्हर्टनकडे गेलेला होता; परतल्यावर १८९४ मध्ये, अवघ्या ३१व्या वर्षी, क्षयाने गेला. पगारी खेळाडूंच्या या संघात हौशी माणसेही होती हे विसरले जाते: फ्रेड ड्यूहर्स्ट शाळामास्तर होते, तर वेल्सचे गोलरक्षक रॉबर्ट मिल्स-रॉबर्ट्स पुढे पाटीच्या दगडाच्या खाणीवरील रुग्णालयात शल्यविशारद झाले.

लीग दुसऱ्या वर्षीही जिंकली. त्यानंतर इतर क्लबांनी प्रेस्टनचीच रीत उचलली, अधिक पैसे मोजून खेळाडू नेले आणि प्रेस्टन मागे पडले. १८९३ मध्ये क्लबची कंपनी झाली, सडेल यांची सत्ता संपली. गिरणीच्या पैशात अफरातफर केल्याबद्दल १८९५ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन क्रीडा पत्रकार झाले. त्यांचा गुन्हा गुन्हाच होता. तरीही त्यांच्या नावाशिवाय व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास लिहिता येत नाही.

आर्थर व्हॉर्टन (१८६५–१९३०) हे प्रेस्टनमध्ये थोडाच काळ होते. जन्म आक्रा येथे, म्हणजे आजच्या घानात. १८८६ मध्ये त्यांनी शंभर यार्डांची शर्यत दहा सेकंदांत जिंकून इंग्लंड गाजवले आणि १८८६–८७ मध्ये प्रेस्टनचे गोलरक्षक म्हणून एफए कपची उपांत्य फेरी गाठली. पुढे ते रॉदरहॅमकडून खेळले; जगातले पहिले कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून ते ओळखले जातात. उत्तरायुष्य कोळशाच्या खाणीत गेले. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९९७ साल उजाडले.

डीपडेलच्या इतिहासात एक पान क्लबाबाहेरच्या स्त्रियांचे आहे, आणि ते गाळणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या महायुद्धात प्रेस्टनच्या डिक, कर कंपनीत दारूगोळा बनवणाऱ्या मुलींनी संघ काढला. १९१७ च्या नाताळच्या दिवशी त्या डीपडेलवर खेळल्या. दहा हजार लोक आले आणि जमलेला पैसा जखमी सैनिकांच्या रुग्णालयाला गेला. १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा खेळ पाहायला त्रेपन्न हजारांची गर्दी लोटली. लिली पार (१९०५–७८) ही त्यांच्यातली सर्वांत थोर खेळाडू. डाव्या पायाचा तिचा फटका पुरुष गोलरक्षकांनाही जड जाई. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. जमलेल्या निधीच्या हिशेबाबद्दलही शंका घेण्यात आली. बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. लिली पार मनोरुग्णालयात परिचारिकेची नोकरी करत १९५१ पर्यंत खेळत राहिली.

बिल शँक्ली १९३३ मध्ये कार्लाइलहून आले. स्कॉटलंडमधल्या ग्लेनबक या खाणवस्तीतले हे हाफ-बॅक १९३८ च्या एफए कप विजयात संघात होते. जॉर्ज मचने जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटाला पेनल्टीवर हडर्सफील्डविरुद्ध गोल केला तो हा सामना. लिव्हरपूलचे व्यवस्थापक म्हणून शँक्ली जगाला ठाऊक झाले, पण खेळाडू म्हणून त्यांची उमेदीची सारी वर्षे प्रेस्टनची आहेत. संघात नव्याने आलेल्या एका सडपातळ पोराबद्दल ते जन्मभर भेटेल त्याला सांगत राहिले. तो पोरगा म्हणजे टॉम फिनी.

टॉम फिनी (१९२२–२०१४) डीपडेलपासून हाकेच्या अंतरावर जन्मले. क्लबने बोलावले तेव्हा वडिलांनी अट घातली: आधी प्लंबरची उमेदवारी पुरी कर. युद्धकाळात इजिप्त आणि इटलीत सैनिकी करून ते परतले आणि १९४६ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्यांचा पहिला लीग सामना झाला. उजवी कड, डावी कड, मध्य, कोठेही ते तितकेच प्रभावी असत. लीगचे ४३३ सामने आणि १८७ गोल, इंग्लंडकडून ७६ सामने आणि ३० गोल. पंचांनी त्यांना कधी ताकीद दिल्याची नोंद नाही. निवृत्तीपर्यंत क्लब एकच, आणि प्लंबिंगचा धंदा बाजूला चालूच.

या निष्ठेची नेहमी स्तुती होते, पण तिच्यामागचा करार सांगितला जात नाही. १९५२ मध्ये इटलीच्या पालेर्मो क्लबने फिनींना दहा हजार पौंड, भरघोस मासिक वेतन, बंगला आणि मोटार देऊ केली. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी नकार दिला आणि विषय तेथेच संपला, कारण करार संपला तरी खेळाडूला क्लबच्या परवानगीवाचून हलता येत नसे, आणि पगाराला लीगने कमाल मर्यादा घातलेली होती. ती मर्यादा १९६१ मध्ये उठली. फिनी १९६० मध्येच निवृत्त झाले होते. ज्या गावाने खेळाडूला पगार मिळवून दिला, त्याच गावाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू आपल्या खेळाचे खरे मोल कधी घेऊ शकला नाही. मोठे विजेतेपदही हुकतच गेले: १९५३ मध्ये गोल-सरासरीच्या बारीक फरकाने लीग आर्सेनलकडे गेली, १९५४ मध्ये कपचा अंतिम सामना ३–२ असा हातचा गेला. फिनी निवृत्त झाल्यावर पुढच्याच हंगामात संघ पहिल्या श्रेणीतून खाली आला. १९५६ मधल्या एका पावसाळी सामन्यात पाण्याचे फवारे उडवत धावणाऱ्या फिनींचे छायाचित्र प्रसिद्ध आहे; त्यावरून केलेले शिल्प २००४ पासून डीपडेलबाहेर आहे.

नंतरच्या माणसांत आयर्लंडचे गोलरक्षक अ‍ॅलन केली (लीगचे ४४७ सामने, क्लबचा विक्रम), १९६४ च्या कप अंतिम सामन्यात सतराव्या वर्षी खेळलेले हॉवर्ड केंडल, आणि १९७३ ते ७५ मध्ये व्यवस्थापक असलेले बॉबी चार्ल्टन यांची नावे येतात. डेव्हिड मॉयेस यांनी व्यवस्थापकपदाची सुरुवात येथेच केली (१९९८–२००२). १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने उसने दिलेला डेव्हिड बेकम येथे पाच सामने खेळला आणि दोन गोल करून परतला. त्यांतला एक त्याने थेट कॉर्नरवरून मारला होता.