वीराचें अंग आणि वीरांगनेचें रूप

१९३८ सालीं जेरी सीगेल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनीं अमेरिकन बालवाचकांपुढें सुपरमॅन उभा केला, तेव्हां त्यास वेष कोणता द्यावा हा प्रश्न फारसा अवघड ठरला नाहीं. सर्कशींतल्या पहिलवानांचा अंगाबरोबर बसणारा पोषाख आणि त्यावर चढविलेली चड्डी त्यास मिळाली. खांद्यावरून एक तांबडें उत्तरीय सोडलें कीं काम झालें. छाती रुंद, मनगटें जाड, पाय जमिनींत रोवलेले. पहिल्याच मुखपृष्ठावर तो मोटार डोक्यावर उचलतो आहे, आणि मोटार उचलणाऱ्याचें अंग मोटार उचलण्याजोगें असावें, एवढाच विचार त्या चित्रामागें आहे.

तीन वर्षांनीं, १९४१ च्या अखेरीस, ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकांत वंडर वुमन अवतरली. तिचा जनक विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्राचा पंडित. रक्तदाबाच्या चढउतारावरून असत्य ओळखण्याची कसोटी त्यानें बसविली होती. मुलींना मुलगी असण्याची गोडी वाटत नाहीं, कारण स्त्रीच्या प्रचलित आदर्शांत बळच नाहीं, असें त्याचें निदान होतें. आणि त्यावर उतारा असा कीं, सुपरमॅनचें सारें बळ व सुंदर, सुशील स्त्रीचें सारें आकर्षण यांचा एकाच व्यक्तींत मिलाफ करावा. हेतु उदार होता यांत शंका नाहीं. परंतु सुपरमॅनला बलवान असणें पुरलें. वंडर वुमनला बलवान असून शिवाय मोहक असणें भाग पडलें. पुढल्या पाऊणशें वर्षांचा सारा कलह या एका ‘शिवाय’मध्यें सांठलेला आहे.

तिचें चित्र काढण्याचें काम हॅरी पीटर या साठी ओलांडलेल्या चित्रकाराकडे आलें. त्याच्या तरुणपणीं ‘जज’ नांवाच्या विनोदी साप्ताहिकांत स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडणारें एक पान निघत असे. तेथें पीटर चित्रें काढी, आणि तेथेंच लू रॉजर्स ही चित्रकर्ती दोरखंड तोडून मोकळी होणारी स्त्री रेखाटी. अमेरिकन स्त्रियांस मताचा हक्क १९२० सालीं मिळाला. पण ती बंधनें तोडणारी स्त्री पीटरच्या कुंचल्यांत तशीच राहिली असावी. त्याची वंडर वुमन जाड रेघांची, धट्टीकट्टी, कांहींशी जुन्या भित्तिपत्रकासारखी आहे. मार्स्टननें नियमच घालून दिला होता कीं, पुरुषानें तिच्या कंकणांना साखळी जोडली म्हणजे तिचें बळ जावें. राजकीय व्यंगचित्रांत दोर एकदांच तुटतो आणि अर्थ पुरा होतो. महिन्यामागून महिना चालणाऱ्या कथेंत मात्र तो तोडण्यासाठीं दर वेळीं नव्यानें बांधावा लागतो, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढें बांधलेली स्त्रीच अधिक काळ राहते.

आक्षेप लवकरच आले. कॅथलिक बिशपांच्या पुढाकारानें निघालेल्या एका वाङ्मयशुद्धीच्या संस्थेनें १९४२ सालीं तिचें मासिक त्याज्य ठरविलें. कारण दिलें तें, तिच्या अंगावर पुरेसे कपडे नाहींत, हें. पुढल्या वर्षीं बालवाङ्मयाच्या अभ्यासक जोसेट फ्रँक यांनीं वेष आणि साखळ्या या दोहोंवर बोट ठेवलें. त्यांचें म्हणणें सहज झटकून टाकण्यासारखें नव्हतें. दरम्यान ‘जस्टिस सोसायटी’ या वीरमंडळांत तिला प्रवेश मिळाला होता, पण तो चिटणीस म्हणून!

मार्स्टन १९४७ सालीं वारला. १९४९ अखेरच्या ‘सेन्सेशन कॉमिक्स’च्या मुखपृष्ठावर ही वीरांगना स्टीव्ह ट्रेव्हरच्या हातांवर बसून ओढा ओलांडतांना दिसते. १९५४ सालीं प्रकाशकांनीं आपसांत जी आचारसंहिता केली, तींत एक कलम असें होतें कीं, स्त्रियांचीं चित्रें वास्तवास धरून असावींत, त्यांच्या शरीराची अतिशयोक्ति करूं नये. पुरुषांसाठीं तसें कलम नव्हतें. दाराएवढी छाती हीहि अतिशयोक्तीच. परंतु ती बळाची, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांत खुपली नाहीं. १९९० नंतर संहितेची पकड सैल होतांच वीरांगनांची कमर मुठींत मावूं लागली, पाय धडाच्या दुप्पट झाले, आणि पुढची व मागची बाजू एकाच चौकटींत दिसावी म्हणून पाठीचा कणा दोरीसारखा पिळला गेला. पुरुषहि त्या काळांत भरमसाट फुगले. पण ज्यास आपण तसें व्हावेंसें वाटे त्याच्यासाठीं पुरुष फुगला. ज्यास नुसतें पाहावेंसें वाटे त्याच्यासाठीं स्त्री पिळली गेली.

स्त्रियांच्या हातीं लेखणी नव्हतीच असें मात्र नाहीं. वंडर वुमनच्याहि आधीं, एप्रिल १९४१ मध्यें, टार्पे मिल्स या चित्रकर्तीची ‘मिस फ्यूरी’ वृत्तपत्रांतून सुरू झाली होती. वाचकांस आपण स्त्री आहोंत हें कळूं नये म्हणून ‘जून’ हें आपलें पहिलें नांव तिनें गाळलें होतें. वंडर वुमनचें मासिक स्त्रीच्या हातून रेखाटलें जाण्यास १९८६ साल उजाडावें लागलें; ती चित्रकर्ती ट्रिना रॉबिन्स.

ऑक्टोबर १९१६ नव्हे, २०१६! शंभर वर्षांपूर्वीं मताधिकाराच्या पानावर चाललेला वाद या सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या दारीं आला. संघानें वंडर वुमनला स्त्रियांच्या व मुलींच्या उन्नतीची मानद राजदूत नेमलें. संघाच्याच सेवकांनीं तिच्या अशक्य अंगप्रमाणांवर आणि तोकड्या वेषावर तक्रारअर्ज केला, आणि डिसेंबरांत ती नेमणूक संपली. त्याच वर्षीं निकोला स्कॉट ही ऑस्ट्रेलियन चित्रकर्ती तिची जन्मकथा नव्यानें रेखाटीत होती.