मोठे टायर : लाभ आणि धोके

चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या गाडीला मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवल्यास नेमका काय फरक पडतो, हे मारुती सुझुकीच्या ‘जिमनी’वरून समजून घेता येते. या गाडीचे मूळ टायर 195/80 आर15 मापाचे आहेत. यातील 195 ही मिलिमीटरमधील रुंदी, 80 हे रुंदीच्या तुलनेत टायरच्या बाजूच्या उंचीचे शेकडा प्रमाण आणि 15 हा रिमचा इंचांतील व्यास होय.

त्यानुसार मूळ टायरचा व्यास 693 मिमी भरतो. 235/75 आर15 टायरचा सुमारे 733 मिमी. व्यास 40 मिमीने वाढला, तरी गाडी जमिनीपासून त्याच्या निम्मी, म्हणजे 20 मिमीच उंचावते. खडकाळ वाटेवर तेवढ्याचाही उपयोग होतो. मात्र त्याची किंमत इतरत्र मोजावी लागते. वेगदर्शक मुळात अचूक आहे असे धरल्यास, काटा 80 दाखवत असताना गाडी ताशी सुमारे 85 किलोमीटरने धावत असते. जड, मोठे चाक फिरवण्यास आणि थांबवण्यास अधिक बल लागते. परिणामी चढावर ओढ कमी पडते आणि ब्रेकवरील भार वाढतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या अस्तराला घासू शकतो. मागील दारावरील स्टेपनीही त्याच मापाची घेतल्यास बिजागऱ्यांवर ताण येतो.

म्हणून खरेदीपूर्वी टायरचा भार-निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसल्याची खात्री करावी, तसेच परिवहन कार्यालय व विमा कंपनीकडे विचारणा करावी.