आडवी रेष म्हणजे उभी गाडी

आठवीत आलेखातली रेष वर चढली की मला वाटायचं, गाडी घाट चढतेय! सिहोऱ्याहून गाडी पकडायची तर तुमसर रोड गाठायचं. वेळापत्रक तोंडपाठ होतं, आलेखाचे बिंदूही अचूक मांडायचो, पण रेष वाचता यायची नाही.

गंमत म्हणजे रेल्वेवाल्यांचा हा जुनाच धंदा. १८८५ साली पॅरिसमध्ये छापलेल्या एतिएन-ज्यूल मारे यांच्या पुस्तकात पॅरिस-लियाँ गाड्यांचं अख्खं वेळापत्रक आलेखात आहे. पद्धत इब्री नावाच्या इंजिनिअरची. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टेशनं. रेष जितकी उभी, तितकी गाडी वेगात; रेष आडवी झाली म्हणजे गाडी थांबली. दोन रेषा छेदल्या, तिथे दोन गाड्या समोरासमोर. एकेरी मार्गावर हा छेद स्टेशनातच पडायला हवा, नाहीतर टक्करच! म्हणजे इथे आलेख वाचता येणं हा मार्कांचा नाही, जिवाचा प्रश्न.

आता आपलीच गाडी घ्या. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे: ३४ किमी, ५७ मिनिटं. (०, ०) पासून (५७, ३४) पर्यंत रेष ओढा. तिचा चढ म्हणजे सरासरी वेग, ताशी सुमारे ३६ किमी. रूळ सपाट असले तरी ही रेष चढतेच, कारण चढतंय ते अंतर. एवढंच मला तेव्हा कळलं नव्हतं.

परवा भाच्याने वही पुढे केली, "मामा, ही रेष मधेच आडवी का झाली?"

म्हटलं, "गाडी तुमसर रोडला उभी आहे. उतर, चहा घे."