घरचं वायफाय रेंगाळतंय? कंपनीला फोन लावण्याआधी हे तपासा

धान खरेदीचे दिवस आले की हट्टा आणि आसपासच्या गावांत ई-उपार्जन पोर्टलवर स्लॉट बुक करायची घाई उडते. पान फिरत राहतं, ओटीपी येऊन त्याची मुदत संपते, आणि घरात सगळे राउटरवर खापर फोडतात. अशा वेळी पहिली गोष्ट ही, की दुसरी एखादी साइट किंवा व्हिडिओ उघडून बघा. तो बरोबर चालत असेल तर दोष सरकारी सर्व्हरवरच्या गर्दीचा आहे, तुमच्या वायफायचा नाही. राउटर दहा वेळा बंद-चालू करून स्लॉट मिळत नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करणं जास्त कामाचं.

सगळंच संथ असेल तर दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. घरापर्यंत येणारं नेट कमी आहे, की घरात आल्यावर ते हवेत विरतंय? लॅपटॉप असेल तर लॅनची तार थेट राउटरला लावून स्पीड मोजा. नसेल तर बाकी सगळ्यांचे फोन वायफायवरून काढा आणि राउटरपासून दोन-तीन पावलांवर उभं राहून मोजा. ट्रायचं मायस्पीड ॲप मोफत आहे. सकाळी सहाला एकदा, रात्री नऊला एकदा, असं तीन दिवस करा आणि आकडे वहीत लिहा. राउटरजवळ स्पीड पुरा आणि मागच्या खोलीत नाही, म्हणजे भानगड घरातली. राउटरजवळही कमी, म्हणजे लाइनची. रात्रीच कमी होत असेल तर एकाच लाइनवर बरीच घरं आहेत असं समजायला हरकत नाही.

आकडे वाचताना एक गफलत नेहमी होते. प्लॅन 30 एमबीपीएसचा असतो आणि फाइल उतरवताना फोनवर तीन-साडेतीन एमबी दिसतात. यात फसवणूक नाही. प्लॅन बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. तीसला आठनं भागलं की पावणेचार. डेटाची मर्यादाही बघून घ्या. महिन्याचा कोटा संपला की स्पीड आपोआप खाली येतो, आणि पुष्कळ तक्रारी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या असतात त्याचं कारण हेच.

आता घरातली बाजू, कारण आपल्याकडे खरी अडचण बहुतेक इथंच असते. जुन्या घरांच्या मातीच्या भिंती हात-दीड हात जाड. सिग्नल त्यातून जातो, पण दर भिंतीगणिक खंगत जातो. जाड दगडाचं काय होतं ते बघायचं तर हट्ट्याच्या बावडीत खाली उतरताना फोनच्या टॉवरच्या दांड्या मोजा. लोखंड त्याहून वाईट. टिनाची कोठी, गोदरेजचं कपाट, टिनाचं छप्पर यांवरून लहरी परत फिरतात. पाणीही लहरी शोषतं, म्हणून पाण्याच्या टाकीमागे किंवा ओल्या धानाच्या पोत्यांच्या थप्पीआड राउटर ठेवू नका. तरी आपल्याकडे राउटर कुठं असतो? तार जिथून घरात शिरली तिथंच, टीव्हीच्या मागे, कोपऱ्यात, वर कपडा झाकून. तो घराच्या मधोमध, डोक्याइतक्या उंचीवर, उघडा हवा. फायबर वाढवून घ्यायला तंत्रज्ञाला बोलवा. ती तार विजेच्या वायरसारखी मुडपून चालत नाही, कडक वाक पडला की आतला प्रकाशच गळतो.

बहुतेक नव्या राउटरला दोन पट्टे असतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. पहिला दूर जातो, भिंती जास्त सोसतो, पण शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ सगळे त्याच गर्दीत. दुसरा वेगवान, पण एक-दोन भिंतींत दमतो. राउटरच्याच खोलीत असाल तर 5 वर, मागच्या अंगणात असाल तर 2.4 वर जोडा. दाट वस्तीत 2.4 साठी चॅनेल 1, 6 किंवा 11 यांपैकी मोकळा निवडा. मधले चॅनेल दोन्हीकडच्यांशी भांडतात. जुन्या स्वस्त फोनला 5 दिसतच नाही, त्यात राउटरचा दोष नाही.

पासवर्ड अख्ख्या मोहल्ल्याला माहीत असेल तर बदला. राउटरच्या पानावर जोडलेल्या फोनांची यादी दिसते, ती बघून पुष्कळांचे डोळे उघडतात. मागच्या खोलीसाठी स्वस्त एक्स्टेंडर घेण्यापेक्षा लॅनची तार ओढून तिथं दुसरा राउटर लावा. साधा एक्स्टेंडर त्याच हवेतून घेतो आणि त्याच हवेत देतो, म्हणून स्पीड साधारण निम्मा होतो.

लाइनची बाजू थोडक्यात. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला म्हणजे प्रकाश पोचत नाही. तिथं घरचा कोणताही उपाय चालणार नाही. 2023 पासून आलेल्या एअरफायबरसारख्या जोडण्यांत छतावरच्या डब्यासमोर झाड वाढलं, वादळानं डबा हलला, तरी फरक पडतो. पावसाळ्यानंतर एकदा बघून घ्या, पण दिशा तंत्रज्ञालाच ठरवू द्या. ग्रामपंचायतीपर्यंतच्या भारतनेटमध्ये बऱ्याच ठिकाणी फायबर एका रांगेत टाकलेलं होतं, रस्त्याच्या कामात एका जागी तुटलं की पुढची सगळी गावं बंद. 2023 च्या सुधारित योजनेत म्हणूनच ते वर्तुळात जोडायचं ठरलं.

दोष लाइनचाच निघाला तर कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करा आणि डॉकेट नंबर लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. निकाल 39 दिवसांत द्यायचा असतो. सीमेवरच्या लोकांनी एवढं ध्यानात ठेवा, की हट्टा मध्य प्रदेशच्या सर्कलमध्ये येतं आणि गोंदिया महाराष्ट्राच्या. जोडणी ज्या सर्कलची, अपील तिथंच. वहीतले तीन दिवसांचे आकडे सोबत जोडा.