नाशिक रोड ते नाशिक : लुप्त ट्राममार्ग आणि यात्रेकरूंच्या सोयीसुविधा

नाशिक जिल्ह्यात रेल्वेचे आगमन १८६१ मध्ये झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा इगतपुरी ते नाशिक हा लोहमार्ग त्या वर्षी खुला झाला. परंतु थळ घाटातील काम १८६५ पर्यंत चालले, आणि तोपर्यंत मुंबईकडील उतारूस घाट रस्त्याने चढून यावे लागे. घाट पूर्ण झाल्यावर मुंबई-नाशिक प्रवास सलग झाला, असे सर्वसाधारणपणे लिहिले जाते. यात्रेकरूच्या दृष्टीने पाहता हे विधान अपुरे आहे. स्थानक नाशिकच्या नावाचे असले तरी ते नाशकात नव्हते. तेथून रामकुंडापर्यंत सुमारे आठ ते दहा किलोमीटरचे अंतर उरे, आणि वृद्ध, बालके व बोचकी यांसह ते टांग्याने अथवा पायी कापावे लागे.

हे अंतर भरून काढण्यासाठी १८८९ मध्ये नाशिक ट्राम सुरू झाली. अडीच फूट रुंदीच्या या अरुंदमापी मार्गाचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे होते. पुढे १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेमुळे त्यांचे नाव सर्वश्रुत झाले. ही बार्शी रेल्वे १९०६ मध्ये पंढरपुरास पोहोचली. एकाच अभियंत्याचे हे दोन्ही उपक्रम महाराष्ट्रातील दोन प्रमुख तीर्थक्षेत्रांशी निगडित असावेत, ही बाब अभ्यासकांनी फारशी लक्षात घेतलेली नाही. नाशिकची ट्राम प्रारंभी चार घोडे ओढीत असत. कालांतराने पेट्रोल इंजिनाचा वापर सुरू झाला. मेन रोडवरील जुन्या नगरपालिका इमारतीपाशी तिचे शहरातील टोक होते.

ट्रामने यात्रेकरूस गावात आणून सोडले. पुढील व्यवस्था समाजाकडे होती. तीर्थोपाध्यायांची घरे व धर्मशाळा यांवर मुक्कामाचा भार असे. उपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असल्याने यात्रेकरू कोणाच्या दारी उतरणार हे बहुधा आधीच ठरलेले असे. ही सोय आपुलकीची होती, तशीच ती जातिबद्धही होती. ट्रामच्या अखेरच्या वर्षांतच, २ मार्च १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रहास प्रारंभ झाला, हे येथे विसरता येत नाही. तिकिटावर मिळणारी सेवा आणि जन्मावर मिळणारा आश्रय या दोन्ही एकाच रस्त्याच्या दोन टोकांना नांदत होत्या. यात्रेकरूंच्या सुविधांचा इतिहास लिहिताना ‘यात्रेकरू’ या शब्दात कोण सामावतो, हा प्रश्न म्हणूनच टाळता येणार नाही.

१९३१ ते १९३३ च्या दरम्यान ट्राम बंद पडली. दुष्काळ व प्लेग यांमुळे कंपनीस तोटा झाला, हे कारण वारंवार दिले जाते. हे कारण तपासून घेणे आवश्यक आहे. मोठे दुष्काळ १८९६-९७ व १८९९-१९०० मधील आहेत, तर प्लेगची पहिली लाटही १८९६ पासूनची. त्यांनी कंपनी खिळखिळी केली असेल. तथापि त्यानंतरही तीन दशके ट्राम टिकली, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९३० नंतरची जागतिक मंदी आणि रस्त्यावरील मोटारींची स्पर्धा हे घटक अधिक निर्णायक मानणे सयुक्तिक ठरते. रस्ता आणि रेल्वे यांच्या स्पर्धेचा विचार करणारी मिचेल-कर्कनेस समिती सरकारने याच सुमारास नेमली होती.

बंद पडलेल्या लोहमार्गांचे पाश्चात्त्य देशांत काय झाले, याची तुलना येथे उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने एलरॉय ते स्पार्टा हा सुमारे ५१ किलोमीटरचा परित्यक्त मार्ग १९६५ मध्ये विकत घेतला आणि तो पादचारी व सायकलस्वारांसाठी खुला केला. त्यावर तीन बोगदे आहेत, आणि केंडाल या लहान गावातील जुने स्थानक वाटसरूंचे सुविधाकेंद्र झाले. हे शक्य झाले, कारण लोहमार्गाखालची सलग जमीन रेल्वेची होती आणि ती एकाच खरेदीने हस्तांतरित करता आली. नाशिकच्या ट्रामची गोष्ट निराळी. १८८६ चा भारतीय ट्रामवे कायदा कंपनीस रस्त्यावर रूळ टाकण्याचा अधिकार देई. रस्त्याची मालकी देत नसे. रूळ निघाले की मागे उरतो तो केवळ रस्ता. स्मृती जपण्यास स्वतंत्र भूमीच राहिली नाही. नाशिककरांच्या अनास्थेकडे बोट दाखवण्यापूर्वी ही कायदेशीर बाजू पाहणे न्याय्य होईल.

दरम्यान स्थानकाभोवती वेगळेच गाव वाढले. १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस व १९२८ मध्ये चलनी नोटांचा छापखाना सुरू झाल्यावर नाशिक रोड ही केवळ उतरण्याची जागा उरली नाही, आणि १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन होताना ती नाशिक शहरातच समाविष्ट झाली. अंतर प्रशासकीयदृष्ट्या मिटले. चालणाऱ्यासाठी मात्र ते तेवढेच आहे. २००३ च्या सिंहस्थात गोदाघाटाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवरील चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी तरतूद जाहीर झाली, आणि गंगापूर ते नाशिक रोड हा त्यातील एक नियोजित मार्ग होता. १८८९ मधील आखणीकारांपुढेही स्थानकावर उतरलेल्या माणसाला नदीपर्यंत कसे न्यायचे, हीच समस्या होती. त्यांच्या मार्गाची टोके व थांबे जुन्या नकाशांवरून निश्चित करून तेथे पिण्याचे पाणी, सावली, स्वच्छतागृह आणि एक माहितीफलक देता येईल. याला स्वतंत्र भूसंपादनाची गरज नाही, कारण ती वाट पूर्वीही सार्वजनिकच होती.