काल आणि शाश्वतता (ख्रिस्ती विचारातील)

ईश्वर शाश्वत आहे आणि त्याने निर्मिलेली सृष्टी काळाच्या अधीन आहे, तर या दोहोंचा संबंध कसा समजून घ्यावयाचा, हा ख्रिस्ती ईश्वरविद्येतील एक मूलगामी प्रश्न होय. शाश्वतता या संकल्पनेचे दोन अर्थ या चर्चेत आढळतात : क्षणामागून क्षण असा चालणारा, पण आदी व अंत नसलेला काळ हा एक, आणि आधी-नंतर हा भेदच जीत नाही अशी कालातीत अवस्था हा दुसरा. परंपरेच्या मुख्य प्रवाहाने दुसरा अर्थ स्वीकारला. मात्र त्यासाठी काळाला मिथ्या ठरवले नाही.

बायबलमध्ये ईश्वर पर्वतांच्या आणि पृथ्वीच्याही आधीपासून असल्याचे वर्णन येते (स्तोत्र ९०). तथापि कालातीततेची तात्त्विक व्याख्या तेथे नाही. तेथील भर सृष्टीची उत्पत्ती, इस्राएल लोकांची मिसर देशातून सुटका, येशूचा मृत्यू व पुनरुत्थान आणि अखेरचा न्याय अशा क्रमाने येणाऱ्या घटनांवर आहे. तात्त्विक परिभाषा ग्रीकांकडून आली. प्लेटोने ‘तिमेअस’ या संवादात काळाला शाश्वततेची चल प्रतिमा मानले होते.

उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात या प्रश्नाला नवे वळण दिले. सृष्टीपूर्वी ईश्वर काय करीत होता, या आक्षेपाला त्याचे उत्तर असे, की काळ हीच ईश्वराची निर्मिती असल्यामुळे काळाआधीचा काळ ही कल्पनाच असंगत ठरते. भूतकाळ उरलेला नसतो, भविष्य आलेले नसते आणि वर्तमानाला लांबी नसते. मग काळ मोजला कसा जातो, हे त्याने पाठ असलेले स्तोत्र म्हणणाऱ्याच्या उदाहरणाने उलगडले. म्हणावयास सुरुवात करण्यापूर्वी संपूर्ण स्तोत्र अपेक्षेत असते, म्हणून झालेला प्रत्येक चरण स्मृतीत जमा होतो आणि ओठांवरचा शब्द अवधानात असतो. काळ हा अशा रीतीने मनाचा विस्तार आहे. परंतु तो माणसाचे विखुरलेपणही आहे आणि ईश्वराच्या ठायीच त्याला एकसंधता लाभते, असे ऑगस्टीन मानतो.

रोमन तत्त्वज्ञ बोईथिअस (सु. ४८०–५२४) याने देहदंडापूर्वी कारावासात लिहिलेल्या ग्रंथात शाश्वततेची पुढे प्रमाण ठरलेली व्याख्या केली. अमर्याद जीवन तुकड्यातुकड्यांनी न लाभता एकाच वेळी समग्रपणे हाती असणे, असा तिचा आशय आहे. ईश्वराला माणसाची भावी कृत्ये आधीच ठाऊक असतील, तर माणूस स्वतंत्र कसा, हा पेच त्याने याच व्याख्येने सोडविला : ईश्वर सर्व काही वर्तमानासारखे पाहतो आणि चालणाऱ्या माणसाला पाहिल्याने त्याच्यावर चालण्याची सक्ती होत नाही.

संत टॉमस अक्वायनस (१२२५–७४) याने शाश्वतता ईश्वराच्या अविकारीपणातून सिद्ध केली आणि शाश्वतता व काळ यांच्यामध्ये देवदूतांसाठी ‘एव्हुम’ ही तिसरी कोटी मानली. तीत अस्तित्व अविकारी असते, पण विचार व इच्छा पालटू शकतात. वर्तुळाचा मध्य परिघावरील प्रत्येक बिंदूच्या समोर असतो, तशी शाश्वतता प्रत्येक क्षणासमोर असते, असे त्याने म्हटले. त्यावर डन्स स्कोटस (सु. १२६६–१३०८) याने मार्मिक आक्षेप घेतला, की भविष्यातील बिंदू अजून अस्तित्वातच नाहीत, तर ते समोर कसे असतील?

या प्रश्नाचा गाभा देहधारणेच्या सिद्धांतात आहे. ख्रिस्त एकच व्यक्ती असून पूर्ण ईश्वर व पूर्ण मानव आहे, असे कॅल्सेडनच्या परिषदेने (४५१) ठरविले. म्हणजेच शाश्वत ईश्वराने जन्म, वाढ आणि मरण असलेले आयुष्य स्वीकारले. मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरावीक शब्दांतील कबुलीत, पंतय पिलात या रोमन सुभेदाराचे नाव येते ते तारणाची घटना इतिहासातील निश्चित काळाशी बांधणारे आहे. योहानाच्या शुभवर्तमानानुसार सार्वकालिक जीवनही केवळ मरणोत्तर नसून श्रद्धावंताच्या ठायी आताच सुरू होते.

विसाव्या शतकात ऑस्कर कुलमान याने ‘ख्रिस्त आणि काळ’ (१९४६) या ग्रंथात बायबलमधील शाश्वतता ही कालातीतता नसून अनंत काळच आहे, असे प्रतिपादन केले. केवळ शब्दांच्या अर्थांवरून असा सिद्धांत उभारता येत नाही, अशी टीका जेम्स बार याने १९६२ मध्ये केली. निकोलस वोल्टरस्टॉर्फ याने १९७५ मध्ये ईश्वर काळातच कृती करतो असे मांडले, तर एलिओनोर स्टंप आणि नॉर्मन क्रेट्झमन यांनी १९८१ मध्ये बोईथिअसच्या भूमिकेचे समर्थन केले. यांपैकी कोणत्याही मताची खरी कसोटी एकच आहे : ईश्वराचे अविकारीपण राखताना त्याचे मानवी इतिहासातील येणे त्या मताला खरेपणाने सांगता आले पाहिजे.